सीट उसवताना

जगातली पहिली मोटारसायकल म्हणून जिचं नाव घेतलं जातं, त्या गाडीची सीट पहिल्याच मोठ्या फेरीत पेटली होती. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख या जोडीने १८८५ साली जर्मनीतल्या कानश्टाट इथे लाकडी चौकटीवर पेट्रोलचं इंजिन बसवलं, वर कातडी खोगीर ठेवलं, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डाइमलरचा मुलगा त्यावर बसून शेजारच्या उंटरट्युर्कहाइम गावाकडे निघाला. इंजिनातला वायू पेटवणारी तापलेली नळी नेमकी खोगिराखाली होती. वाटेत खोगिराला आग लागली. सीटला काय काय सोसावं लागतं, याची यादी तेव्हापासून फारशी बदललेली नाही: खालून उष्णता आणि हादरे, वरून माणसाचं वजन, ऊन आणि पाऊस.

सुरुवातीच्या मोटारसायकली म्हणजे इंजिन जोडलेल्या सायकलीच होत्या, त्यामुळे सीटही सायकलकडूनच आली. इंग्लंडात बर्मिंगहॅमला १८६६ साली सुरू झालेली ब्रुक्स कंपनी आधी घोड्यांचा साज बनवायची. पुढे ती सायकलची आणि मग मोटारसायकलचीही कातडी खोगिरं बनवू लागली. लोखंडी चौकटीवर जाड कातडं ताणायचं आणि खाली स्प्रिंगा लावायच्या, अशी ती रचना. मागच्या चाकाला तेव्हा शॉकॲब्सॉर्बर नसायचा, म्हणून खड्ड्यांचे दणके झेलण्याचं सगळं काम सीटच्या स्प्रिंगांवर होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर मागचे शॉकॲब्सॉर्बर सर्रास आले, स्प्रिंगांची गरज उरली नाही, आणि दोघांसाठी एकसलग लांब सीट रूढ झाली. आपल्याकडे १९५५पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटवर मात्र चालकाची स्प्रिंगवाली सीट पुढे कित्येक वर्षं टिकून राहिली. जुनी बुलेट दारात असलेल्या घरांना त्या स्प्रिंगांचा करकर आवाज अजून आठवत असेल.

स्प्रिंगांच्या जागी आला फोम. इंग्लंडात डनलॉप कंपनीत १९२९ साली रबराच्या चिकापासून फोम तयार झाला, आणि १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुझेनला ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला. आजच्या जवळपास सगळ्या सीट या दुसऱ्या पदार्थाच्या आहेत. दोन द्रव रसायनं एकत्र करून साच्यात ओतली की ती फसफसून वाढतात, साचा भरून टाकतात आणि काही मिनिटांत तयार सीटच्या आकाराची गादी बाहेर येते. कारखान्याला हे फार सोयीचं आहे. घरी दुरुस्ती करणाऱ्यासाठीही ते सोयीचं आहे, कारण या फोमला कापता येतं, घासता येतं आणि जोडता येतं.

तर आजची साधी सीट तीन थरांची. खाली प्लेट, म्हणजे प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा सांगाडा; मध्ये फोम; वर रेक्झिनचं कव्हर. कव्हर आणि फोम यांच्यामध्ये बहुतेक वेळा पातळ प्लास्टिकचा कागद असतो. १९९४ साली आलेली स्प्लेंडर आणि तिच्या कुळातल्या शंभर सीसीच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून पुढचं सगळं सांगतो आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ही लांब, सपाट सीट दिसते, आणि घरच्या घरी पहिल्यांदा हात घालायला तिच्यासारखी दुसरी सीट नाही.

पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलात तर गाडीचं नाव सांगताच मापाचं तयार कव्हर मिळतं. गिऱ्हाईक उभ्याउभ्या काम मागतं, म्हणून बऱ्याचदा जुनं फाटकं कव्हर तसंच ठेवून त्यावर नवं चढवलं जातं. सीटवाल्यांचा हात तयार असतो, कव्हर प्लेटला धरून ठेवणाऱ्या त्यांच्या पिना आपल्या पिनांपेक्षा सरळ बसतात, यात शंका नाही. पण सीट उघडलीच नाही तर तिच्यात काय बिघडलं आहे ते कळणार कसं? बसून बसून कंबर दुखते ती रेक्झिनमुळे नाही, फोममुळे. पावसाळ्यानंतर आठवडाभर पँट ओली होते ती वरच्या भोकामुळे नाही, आत साठलेल्या पाण्यामुळे. नवं कव्हर या दोन्ही गोष्टी झाकतं. म्हणून या कामाचा खरा भाग उसवण्याचा आहे असं मी मानतो. शिवणं आणि ताणणं हे त्यानंतरचं, आणि उसवणं नीट झालं तर ते निम्म्याने सोपं होतं.

पहिलं वाचन सीट गाडीवर असतानाच करायचं. कव्हर कुठे फाटलं आहे ते पाहा. टाकीला लागून असलेलं पुढचं टोक उसवलं असेल, तर ब्रेक लावताना चालक पुढे सरकतो आणि मांड्यांचा रेटा त्या शिवणीवर येतो. मागच्या भागाची डावी कड दबली असेल, तर घरातलं कुणीतरी साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसतं. सगळं वजन त्या एका कडेवर पडतं. बाजूच्या पट्टीला घासून भोकं पडली असतील, तर तिथे दुधाच्या किटल्या, पिशव्या किंवा दोरी लटकत असते. गोव्यातल्या पायलटांच्या, म्हणजे भाड्याने प्रवासी नेणाऱ्या मोटारसायकलवाल्यांच्या, गाड्यांवर मागची बाजू पुढच्याइतकीच झिजलेली असते, कारण दिवसभर प्रवासी चढउतार करतात. वरच्या पृष्ठभागावर बारीक समांतर भेगा असतील तर रेक्झिन संपलं आहे. आणि रेक्झिन धड असूनही वर सुरकुत्या पडल्या असतील तर आतला फोम बसला आहे. इथे नुसतं कव्हर बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं. प्रत्येक खुणेचा इलाज वेगळा आहे, म्हणून मोबाइलवर सगळीकडून फोटो काढून ठेवा.

सीट काढल्यावर उलटी करा. प्लेटखाली रबराचे छोटे ठोकळे असतात, ज्यांच्यावर सीट चेसिसला टेकते. ते किती आहेत, कुठे आहेत, एखादा गळून पडला आहे का, हे आधी मोजा. एक रबर जरी नसलं तरी त्या बाजूचा भार लॉकवर किंवा प्लेटच्या एका कोपऱ्यावर येतो आणि प्लास्टिकची प्लेट तिथून चिरते. प्लेटला लहान भोकंही असतात. ती पाणी बाहेर पडण्यासाठी आहेत. मातीने बुजली असतील तर मोकळी करा, आणि पुढे नवं कव्हर किंवा प्लास्टिकचा कागद त्यांच्यावरून घेऊ नका.

आता पिना. कडेने दर बोटभर अंतरावर ठोकलेली प्रत्येक पिन काढायची आहे. बारीक टोकाचा स्क्रू ड्रायव्हर एका पायाखाली घालून उचलायचा आणि पकडीने ओढायचं. कव्हर हातात धरून फर्रकन ओढण्याचा मोह होतो, तो टाळा. फाटकं असलं तरी ते कव्हर तुमचं कापणीचं माप आहे, आणि प्लेटची कड तुटली तर नव्या पिना कशात ठोकणार? पिना काढताना त्यांचा गंज बघत चला. जिथल्या पिना तांबूस होऊन तुटतात, तिथे पाणी येऊन थांबतं. त्या जागेच्या सरळ वर कुठली शिवण आहे ते पाहिलं की पाण्याची वाट सापडते. जुन्या पत्र्याच्या प्लेटला पिनांऐवजी दाते असतात. ते हलक्या हाताने उभे करा. दोनतीनदा वाकवले की मोडतात. पत्रा गंजला असेल तर तारेच्या ब्रशने घासून, रेड ऑक्साइड मारून, रंग देऊन वाळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कव्हर निघालं की फोम दिसतो, पिवळा पडलेला. या पिवळेपणाला घाबरायचं कारण नाही. पॉलियुरेथेन हवेने आणि प्रकाशाने पिवळं पडतंच. बोटाने चोळून पाहा. पीठ निघालं तर तो भाग मेला. मूठ दाबून सोडा. खळगा लगेच भरून आला तर फोम जिवंत, सावकाश भरला किंवा भरलाच नाही तर त्याच्या आतल्या सूक्ष्म पेशींच्या भिंती तुटल्या आहेत. सगळ्यात बोलकी बाजू खालची. फोम उलटा करा. प्लेटच्या उभ्याआडव्या पट्ट्यांचे ठसे त्यात खोल उमटले असतील, तर तुमचं वजन फोम पेलत नव्हता. खड्ड्यात गाडी आदळली की तुम्ही थेट प्लेटवर बसत होता. बसताना आपला भार कुल्ल्यांच्या दोन हाडांवर येतो. ती दोन टोकं जिथे टेकतात तिथला फोम आधी जातो, बाकीचा कितीतरी वर्षं चांगला राहतो. म्हणून अख्खा फोम बदलण्याची वेळ क्वचितच येते.

फोम ओला असेल तर पिळू नका. जुन्या टॉवेलमध्ये धरून दाबून दाबून पाणी काढा आणि वाऱ्यावर, सावलीत उभा ठेवा. कोकणात जुलैमध्ये हे काम हातात घेऊ नये असा माझा ठाम सल्ला आहे. तिथे त्या हवेत फोम वाळत नाही आणि ओल्या फोमला गोंद धरत नाही. मार्च-एप्रिल हा यासाठी सगळ्यात चांगला काळ. त्याचं आणखी एक कारण पुढे येईल.

मेलेला भाग कापून काढायला लांब पात्याची धारदार सुरी चालते. कड सरळ उभी कापू नका, तिरकी कापा. म्हणजे नवा तुकडा आणि जुना फोम एकमेकांवर निमुळते होत जातात आणि बसल्यावर जोड टोचत नाही. नवा फोम गादीवाल्याकडे मिळतो. तिथे तो ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ अशा भाषेत विकला जातो. हा आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोग्रॅममधलं वजन. सोफ्याच्या पाठीला ३२ चालेल, गाडीच्या सीटला ४०च्या खाली जाऊ नये. सांगितलेला आकडा खरा आहे का, हे घरच्या काट्यावर तपासता येतं. ३० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ५ जाड असा तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर १८० ग्रॅम भरेल, ३२चा असेल तर १४४. वजनाइतकाच महत्त्वाचा कडकपणा, आणि तो डेन्सिटीवरून ठरत नाही. एकाच डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो, कडकही. डेन्सिटी टिकाऊपणा सांगते. कडकपणा हाताने दाबूनच कळतो. खाली कडक आणि वर थोडा मऊ, असे दोन थर दिले तर लांबच्या रस्त्याला सगळ्यात सुखाचं पडतं. नुसता मऊ फोम दुकानात पाच मिनिटं छान वाटतो आणि अर्ध्या तासात तळाला टेकतो.

मेमरी फोमबद्दल बरेच जण विचारतात. तो तापमानाप्रमाणे बदलतो. महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या सकाळी तो कडक लागेल आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात लिबलिबीत होईल. शिवाय दबल्यावर तो सावकाश वर येतो, त्यामुळे लागोपाठ आलेल्या दुसऱ्या खड्ड्याला तो तयारच नसतो. गाडीच्या सीटसाठी मी तो सुचवणार नाही. जेलच्या गाद्या उन्हात तापतात आणि बराच वेळ गरम राहतात; उन्हात गाडी लावणाऱ्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

फोम चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८ किंवा एसआर ५०५सारखा रबराचा गोंद लागतो, सुतारकामाचा पांढरा नाही. दोन्ही बाजूंना पातळ हात द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की एकदाच नेमकं ठेवून दाबा. मग सरकवता येत नाही. बसण्याच्या जागी गोंदाचा जाड थर देऊ नका, तो वाळून कडक होतो आणि खाली टोचत राहतो. या गोंदाची वाफ पेट घेते आणि डोकं धरते, म्हणून खिडक्या उघड्या, आणि आसपास शेगडी, उदबत्ती काही नको. जोड वाळला की जाड पॉलिश पेपरने घासून उंचवटे उतरवा. तोंडाला मास्क लावा, ही धूळ छातीत जाऊ देऊ नये. शेवटी अख्ख्या फोमवर पाचसहा मिलिमीटरचा पातळ फोम पांघरला की जोड वरून दिसत नाहीत. आणि एक कळकळीची विनंती: कापलेले तुकडे कचऱ्यात जाळू नका. पॉलियुरेथेनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो.

उंचीचा विचार इथेच करायचा. स्प्लेंडरच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर आहे, बुलेटच्या कुळातल्या क्लासिक ३५०ची ८०५. स्प्लेंडरवर इंचभर फोम चढवला की ती क्लासिकच्या वर जाते, आणि ठेंगण्या चालकाचे पाय सिग्नलला टाचेऐवजी बोटांवर येतात. उलट पाय पुरत नसतील तर फोमची जाडी कमी करण्याआधी सीटची पुढची कड दोन्ही बाजूंनी गोल घासून पाहा. मांड्यांमधलं अंतर कमी झालं की पाय सरळ खाली जातात, आणि जाडी न गमावता जमीन मिळते. कव्हर चढवण्याआधी फोम प्लेटवर ठेवून, वर चादर टाकून, गाडी स्टँडवर असताना अर्धा तास बसून बघाच. मागे बसणाऱ्या माणसालाही बसवा. यानंतर फोममध्ये बदल करायचा तर सगळ्या पिना पुन्हा काढाव्या लागतात.

आता रेक्झिन. आज आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते कापडावर चढवलेलं पीव्हीसी असतं. मूळचं पीव्हीसी कडक. त्याला मऊ ठेवण्यासाठी तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ऊन आणि उष्णतेने ते द्रव्य हळूहळू बाहेर पडतं, रेक्झिन ताठर होतं, आणि मग तडकतं. रेक्झिनवर भेगा पाडणारा खरा शत्रू म्हणजे रोज दुपारी उन्हात उभी राहणारी गाडी, बसणारा माणूस त्यानंतर. दुकानात ‘पीयू लेदर’ नावाने जे मऊ कापड मिळतं ते हाताला फार सुखद लागतं, पण दमट हवेत त्याचा वरचा थर पापुद्र्यांनी सुटतो. मुंबई, कोकण, गोवा इथे तर ते सीटला वापरूच नये. रेक्झिन निवडताना उलटून मागचं कापड पाहा. विणकामाचं, म्हणजे बनियनसारखं ताणलं जाणारं कापड असेल तर ते वळणांवर सुरकुती न पडता बसतं. साध्या उभ्याआडव्या विणीचं असेल तर ते घरातल्या हाताला हार जात नाही. हाताने दोन्ही दिशांना ओढून बघा, एका दिशेला जास्त ताणलं जाईल. ती दिशा सीटच्या रुंदीकडे ठेवायची. पन्हा बहुधा ५४ इंच असतो, तेव्हा एका लांब सीटला दीड मीटर भरपूर होतं. काळा रंग मळ लपवतो, पण विदर्भातल्या उन्हाळ्यात त्यावर बसवत नाही. करडा किंवा तपकिरी घ्या.

कापणीसाठी जुनं कव्हर उसवायचं, पण आधी खुणा करायच्या. वरच्या तुकड्याच्या मधोमध पुढून मागे एक रेघ मारा. प्रत्येक शिवणीवर दर दोन इंचांना, दोन्ही तुकड्यांवर जाईल अशी आडवी रेघ ओढा, आणि तुकड्यांवर ‘डावी’, ‘उजवी’, ‘पुढे’ असं लिहा. मगच ब्लेडने टाके कापा. तुकडे उन्हात किंवा केस वाळवायच्या ड्रायरने गरम करून सपाट करा. वर्षानुवर्षं ताणून जुनं कव्हर एका बाजूला जास्त ओढलेलं असतं, म्हणून वरचा तुकडा मधल्या रेघेवर दुमडा. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर दोन्हींच्या मधून नवी कड आखा. हे सगळं आधी जाड कागदावर उतरवून घ्या. तुम्ही फोम वाढवला असेल तर वाढ बाजूच्या पट्टीत द्यायची, वरच्या तुकड्यात नाही. शिवणीला तीन सूत माया पुरे. पण प्लेटखाली वळवायच्या कडेला दोन इंच सोडा, तिथे हाताने धरून ओढायचं असतं. नव्या रेक्झिनवर खुणा मागच्या बाजूने आणि खडूनेच करा. बॉलपेनची शाई पीव्हीसीमधून झिरपत काही दिवसांनी वर येते आणि मग निघत नाही.

घरातलं पायाचं काळं शिलाई मशीन हे काम करतं. वेग लागत नाही, जोर लागतो, आणि जाड जोडावर चाक हाताने फिरवता येतं. सुई १६ किंवा १८ नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा पाण्याने कुजतो, नायलॉनचा उन्हाने कमजोर होतो. टाका चार मिलिमीटरच्या आसपास, लांब ठेवा. कपडे शिवणाऱ्या हाताला बारीक टाका मजबूत वाटतो, रेक्झिनमध्ये मात्र उलट आहे: जवळजवळ पडलेल्या भोकांनी ते पोस्टाच्या तिकिटांच्या पानासारखं त्या रेघेवरून फाटतं. शिवाय एकदा पडलेलं भोक कापडात बुजतं तसं रेक्झिनमध्ये बुजत नाही. म्हणून टाचण्या मायेतच टोचा, किंवा कागदाच्या क्लिपा लावा. मशीनच्या पायाखाली रेक्झिन अडकत असेल तर वर पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर फाडून टाका. टीप मारून झाली की माया उलगडून दोन्ही बाजूंना चिकटवा. पाणी सुईच्या भोकांतून आणि दोऱ्याच्या अंगाने आत जातं, तेव्हा आतून शिवणीवर गोंदाचा एक पातळ हात देऊन तो पूर्ण वाळू द्या. माझ्या मते घरी बनवलेल्या सीटवर बसण्याच्या जागी एकही शिवण नसावी. चौकटीचे टाके, मधल्या रेघा, रंगीत पट्ट्या दिसायला छान असतात, आणि त्यातली प्रत्येक रेघ पावसाळ्यात पाण्याला दिलेली वाट असते. अपवाद एकच. चालकाच्या आणि मागच्या भागामध्ये खोल उतार असेल तर तिथे आडवी शिवण हवीच, नाहीतर ताणल्यावर कव्हर उतारावरून सरळ जातं आणि खाली पोकळी राहते.

ताणण्याच्या दिवशी ऊन हवं. मार्च-एप्रिल म्हटलं ते यासाठी. शिवलेलं कव्हर आणि प्लास्टिकची प्लेट अर्धा तास उन्हात ठेवा. रेक्झिन मऊ होऊन ताणलं जातं, आणि प्लेटचं प्लास्टिक जरा नरम होऊन पिना आत जातात. फोमवर पातळ प्लास्टिकचा कागद घाला, त्याने कव्हर फोमवरून सहज सरकतं. मग क्रम पाळायचा: आधी पुढे मधोमध एक पिन, मग मागे मधोमध, मग डावीकडे मध्यावर, मग उजवीकडे मध्यावर. त्यानंतर एक पिन या बाजूला, एक त्या बाजूला, असं मध्यावरून कोपऱ्यांकडे सरकायचं. कोपरे सगळ्यात शेवटी, लहान लहान चुण्या घालून. एक बाजू पुरी करून दुसरीकडे वळलात तर शिवण हमखास तिरकी होते. सुरुवातीच्या पिना अर्ध्याच ठोका, सीट सरळ करून दुरून बघा, मनासारखं नसेल तर काढा.

पिनांच्या पायांची लांबी प्लेटच्या जाडीवर ठरते. बहुतेक प्लास्टिक प्लेटना ६ मिलिमीटर पुरतात. आधी एका आडजागी ठोकून टोक आरपार येत नाही ना ते बघा. मिळाल्या तर स्टेनलेस स्टीलच्या घ्या. कचेरीतला स्टेपलर इथे कामाचा नाही, सोफ्यासाठी वापरतात ती हाताची पिनगन लागते, आणि ती पूर्ण वजन टाकून दाबून धरल्यावरच सोडायची. जुन्या भोकांत पिन धरत नाही, जरा बाजूला सरकून ठोका.

मागे बसणाऱ्यासाठी सीटवर आडवा पट्टा असेल तर तो शोभेचा समजून काढून टाकू नका. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १२८प्रमाणे दुचाकीवर चालकाखेरीज एकाच माणसाला नेता येतं, आणि तेही चालकाच्या मागे घट्ट बसवलेल्या योग्य सीटवर. मागच्या माणसाला धरायला जागा हवी हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतही आहे. त्यामुळे फोम वाढवल्यावर मागचं हँडल हाताला येतं का आणि सीट लॉकमध्ये खट्कन बसते का, हे दोन्ही तपासल्याशिवाय कुणाला मागे बसवू नका. फोम किंवा कव्हर प्लेटखाली जाड झालं की लॉक अर्धवट लागतं, आणि ते चालताना कळत नाही.

पहिल्या मोठ्या पावसानंतर सीट काढून उलटी करा आणि पिनांकडे बघा. कोरड्या असतील तर शिवण धरली आहे. कुठे ओल दिसली तर तेवढ्याच भागातल्या पिना काढून आतल्या शिवणीवर गोंदाचा आणखी एक हात द्या, सगळं उघडायची गरज नाही. आणि जुन्या कव्हरचे उसवलेले तुकडे टाकू नका. सपाट करून, गाडीचं नाव, मॉडेलचं वर्ष आणि फोम किती वाढवला ते प्रत्येकावर लिहून, घडी न घालता गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. त्याच मॉडेलची गाडी असलेला शेजारी मागायला आला तर कागदावर गिरवून द्या, मूळ तुकडे तुमच्याकडेच राहू द्या. काही वर्षांनी तुम्हालाच लागतील.